ज्या विहारात शौचालयालाही बुद्धमंदिराचा मान आहे : आचार्य दोगेन यांचे जीवन

जपानच्या फुकुई शहरापासून बसने अर्ध्या तासावर, उंच देवदारांच्या डोंगरउतारावर एइहेइजी हा विहार आहे. आम्ही तिथे गेलो तेव्हा आमचे लक्ष मूर्तीपेक्षा इमारतींच्या मांडणीकडे गेले. विहारात सात मुख्य वास्तू मानतात. महाद्वार, बुद्धमंदिर, धम्मसभागृह आणि ध्यानगृह यांच्या बरोबरीने स्वयंपाकघर, स्नानगृह आणि शौचालय यांनाही त्या सातांत स्थान आहे. झाडलोट करतात ते भिक्खूच. त्यासाठी वेगळी जात नाही.

हा विहार उभारणारे आचार्य दोगेन इ.स. १२०० मध्ये क्योटोतील उमराव घराण्यात जन्मले. सात-आठ वर्षांचे असताना आई गेली. अनित्यता त्यांना तिथेच भेटली. १२१३ मध्ये हिएई पर्वतावर त्यांनी प्रव्रज्या घेतली. प्रत्येकात बुद्धत्व मुळातच असेल तर साधना कशासाठी, हा प्रश्न त्यांना छळत होता. समाधानकारक उत्तर जपानमध्ये मिळाले नाही, म्हणून १२२३ मध्ये ते चीनला गेले.

निंगबो बंदरात जहाजावर मुक्काम असताना एक वृद्ध भिक्खू अळंबी विकत घ्यायला आले. ते सम्राट अशोकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विहाराचे मुख्य आचारी होते. या वयात ग्रंथ आणि ध्यान सोडून चूल का सांभाळता, असे तरुण दोगेनने विचारले. आचारी हसले. साधना म्हणजे काय हे तुला अजून कळलेले नाही, असे सांगून ते पायीच परत निघाले. उद्याचा स्वयंपाक त्यांच्यावर होता.

पुढे तिएनतुंग विहारात आचार्य रुजिंग यांच्याजवळ साधना करून दोगेन १२२७ मध्ये परतले. आचाऱ्याची शिकवण ते विसरले नाहीत. विहारातील मुख्य आचाऱ्याच्या कर्तव्यांवर त्यांनी १२३७ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. शौचाला कसे जावे, हात कसे धुवावेत, यावरही लिहिले. स्त्रियांना पवित्र स्थळी प्रवेशबंदी करणाऱ्यांवर त्यांनी कडक टीका केली.

१२४३ मध्ये राजधानीजवळचा विहार सोडून ते या डोंगरात आले. १२४४ मध्ये विहार उभा राहिला. दोन वर्षांनी त्याला एइहेइजी हे नाव दिले. भारतातून धम्म चीनमध्ये पोहोचला असे परंपरा ज्या काळाबद्दल सांगते, त्या राजवटीच्या कालखंडाचे हे नाव. १२५३ मध्ये क्योटोत दोगेन यांचे निधन झाले.

त्यांच्या सोतो पंथाला हा वारसा पेलला नाही. कातडी कमावणे, मेलेली जनावरे उचलणे अशा कामांमुळे अस्पृश्य ठरवलेल्या बुराकू समाजातील मृतांना पंथाच्या भिक्खूंनी हीनतादर्शक धम्मनावे दिली. ती थडग्यांवर कोरली गेली. १९७९ मध्ये अमेरिकेतील जागतिक धर्मपरिषदेत पंथाच्या प्रमुख पदाधिकाऱ्याने जपानमध्ये असा भेदभाव नाहीच, असे सांगितले. बुराकू संघटनांनी जाब विचारला आणि १९८४ मध्ये ते विधान मागे घ्यावे लागले.

म्हणून एइहेइजी पाहताना दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आचार्यांनी शौचालयाला विहारात मान दिला. तरीही त्यांच्या नावाने चालणाऱ्या पंथात जात शिरली आणि ती काढायला पीडितांनाच उभे राहावे लागले. आपल्या विहारात झाडू कोणाच्या हातात असतो आणि माईक कोणाच्या, हे तरुणांनी येत्या रविवारी पाहावे.