विद्यार्थी भीमराव आणि वसतिगृह

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे विद्यार्थिजीवन आठवताना आम्हांस त्यांच्या निवाऱ्याची कथा विशेष मोलाची वाटते. परळच्या चाळीतील गजबजाटात अभ्यास करून ते १९१२ साली बी. ए. झाले. महाराज सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीने जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथील लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना हे पारशी स्नेही त्यांना लाभले. सेलिग्मन, ड्यूई यांसारखे गुरू भेटले. १९१५ मध्ये एम. ए. पदवी मिळाली, मे १९१६ मध्ये त्यांनी जातिसंस्थेवरील निबंध चर्चासत्रात वाचला. परदेशात अस्पृश्यतेची जाणीवच मनातून पुसली गेली होती.

१९१७ मध्ये बडोद्यास नोकरीवर रुजू होताच मात्र या विद्वानास राहावयास जागा मिळेना. नाव लपवून पारशी निवासात काढलेले दिवसही जमावाच्या धमकीने संपले.

म्हणूनच १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरास विद्यार्थी वसतिगृह उघडले, यात आम्हांस नवल वाटत नाही. जठारपेठेतील आमच्या निवासी विद्यार्थ्यांनी स्मरावे, की डोक्यावरचे छप्पर हाही शिक्षणाचाच पाया आहे.