पेशींना घर देणाऱ्या डॉ. कमल रणदिवे

सकाळी कल्याण-डोंबिवलीहून ठाण्याला येऊन ट्रान्स-हार्बर लोकल पकडणाऱ्यांच्या गर्दीत प्रयोगशाळांकडे निघालेल्या तरुणीही असतात. या मार्गाचे एक टोक वाशीला आहे. तेथे इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशनचे मुख्यालय आहे. पनवेलकडे जाणाऱ्या फाट्यावर खारघर लागते. तेथे टाटा स्मारक केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही कर्करोग संशोधन संस्था आहे. या दोन्ही संस्थांच्या इतिहासात एक नाव ठळकपणे येते, ते डॉ. कमल रणदिवे यांचे.

कमलताई पूर्वाश्रमीच्या समर्थ. त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. हुजूरपागेत शिकलेल्या या हुशार मुलीने डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु कमलताईंचे मन पेशींच्या अभ्यासात रमले. १९३९ साली गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संसार सांभाळून १९४३ साली त्यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम.एस्सी. केले. त्यासाठी त्यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला होता.

मुंबईत आल्यावर परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाल्यानंतर त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या. प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या ‘हेला’ या मानवी पेशी १९५१ साली ज्यांच्या प्रयोगशाळेत प्रथम वाढवल्या गेल्या, तेच हे गे. तेथील विद्या घेऊन कमलताई मायदेशी परतल्या आणि १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली.

शरीराबाहेर पेशी जगवणे हे जिकिरीचे काम. शरीराइतकी ऊब, योग्य पोषकद्रव आणि कमालीची निर्जंतुकता हवी. एखाद्या जंतूचा शिरकाव झाला, तरी कित्येक आठवड्यांचे श्रम वाया जातात. या शिस्तीवर त्यांनी संशोधकांची पिढी घडवली. उंदरांवरील प्रयोगांतून स्तनाच्या कर्करोगामागील अनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध त्यांनी तपासला. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही काम केले. १९६६ ते १९७० या काळात केंद्राची धुराही त्यांच्याकडे होती.

आज संशोधनाची भाषा बदलली आहे. पेशी स्वतःचेच जीर्ण भाग पचवून टाकते, त्या क्रियेला ऑटोफॅजी म्हणतात. या क्रियेशी निगडित ‘बेक्लिन-१’ हे जनुक स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत पुन्हा कार्यरत केल्यास उंदरांत गाठी धरण्याची त्यांची क्षमता घटते, असे अमेरिकी संशोधकांनी १९९९ साली दाखवले. काही गाठींत या जनुकावर मिथाइलच्या रासायनिक खुणा बसून ते मुके झालेले आढळते. जनुकाचा मजकूर न बदलता त्याचे काम थांबवणाऱ्या अशा खुणांचा अभ्यास म्हणजे एपिजेनेटिक्स. असे प्रयोग बव्हंशी होतात ते काचपात्रात वाढवलेल्या पेशींवरच. आपल्याकडे त्याची सुरुवात परळला झाली. तेथील संशोधन संस्था २००२ साली खारघरला गेली.

पदवी मिळवूनही घर आणि मुलांपायी विज्ञान सोडणाऱ्या स्त्रिया कमलताईंनी पाहिल्या होत्या. १९७३ साली सहकारी वैज्ञानिक महिलांसह त्यांनी उपरोक्त संघटना स्थापन केली. तिच्या वाशीतील संकुलात नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि पाळणाघर उभे राहिले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. उतारवयातही त्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करीत होत्या. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

मुलाला पाळणाघरात सोडून लोकल गाठणाऱ्या आणि दिवसभर पेशींची निगा राखणाऱ्या संशोधिकेची ओढाताण आजही संपलेली नाही. ती ओळखून तिच्यासाठी सोय करू पाहणारी एक वैज्ञानिक आपल्याकडे अर्ध्या शतकापूर्वी होऊन गेली, एवढे तरी या प्रवासात स्मरावे.