बीएमआयचा जनक डॉक्टर नव्हताच!

आरोग्य तपासणीच्या अहवालात साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलच्या जोडीला बीएमआयचा आकडा हमखास असतो. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ६४ किलो असेल, तर बीएमआय २५ येतो. पण ज्याच्या गणितातून हा आकडा आला, त्या अडॉल्फ केटले यांना लठ्ठपणात रस नव्हता. ते डॉक्टरही नव्हते. ते गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ होते.

केटले यांचा जन्म २२ फेब्रुवारी १७९६ रोजी आजच्या बेल्जियममधील गेंट शहरात झाला. ते सात वर्षांचे असताना वडील वारले. पोटासाठी त्यांनी ऐन तारुण्यात शाळेत गणित शिकवायला सुरुवात केली. १८१९ मध्ये गेंट विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट मिळवून ते ब्रुसेल्सला आले. तिथे वेधशाळा हवी, असा आग्रह त्यांनी सरकारकडे धरला आणि वेधशाळांचे काम शिकण्यासाठी १८२३ मध्ये पॅरिस गाठले.

पॅरिसमध्ये त्यांना संभाव्यतेचे गणित भेटले. एकाच ताऱ्याची जागा दहा जणांनी मोजली तर दहा उत्तरे येतात. बहुतेक उत्तरे मध्याजवळ गोळा होतात आणि थोडी दूर पसरतात. खगोलशास्त्रज्ञ या पसाऱ्यातून ताऱ्याची खरी जागा काढत. केटले यांच्या मनात आले, हेच गणित माणसांना लावले तर?

मग त्यांनी माणसे मोजायचा सपाटाच लावला. जन्म, मृत्यू, विवाह, गुन्हे, उंची, वजन असे जे मोजता येईल ते त्यांनी मोजले. ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या मापांचा तक्ता त्यांनी मांडला, तर ती मापेही ताऱ्यांच्या नोंदींसारखीच मध्याभोवती पसरलेली दिसली. १८३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडली.

याच अभ्यासात त्यांना वजनाचा एक नियम सापडला. माणूस सर्व बाजूंनी सारखाच वाढत असता, तर दुप्पट उंचीला वजन आठपट झाले असते. प्रत्यक्षात प्रौढांमध्ये वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे त्यांनी दाखवले. समाजाची शरीरयष्टी समजून घेण्यासाठीचे हे निरीक्षण होते. कोणाला जाडा ठरवायचा किंवा त्याच्या आयुष्याचे भाकीत करायचा हेतू त्यात नव्हता.

मात्र केटले यांनी सरासरीला आदर्श मानले आणि तिच्यापासून दूर असणे म्हणजे जणू निसर्गाची चूक, असे धरले. त्यावर टीकाही झाली. १८५३ मध्ये ब्रुसेल्समध्ये पहिली आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद भरवण्यात त्यांचा पुढाकार होता. रुग्णालयांतील मृत्यूंचे आकडे मांडणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल त्यांना फार मानत. १८५५ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतरही त्यांनी काम सोडले नाही. १७ फेब्रुवारी १८७४ रोजी, ७८ वा वाढदिवस पाच दिवसांवर असताना, ब्रुसेल्समध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचे सूत्र पुढे बराच काळ पडून होते. विसाव्या शतकात अमेरिकी विमा कंपन्यांना लठ्ठ विमाधारकांमध्ये मृत्यू अधिक असल्याचे दिसू लागले. त्यांनी उंची-वजनाचे तक्ते काढले. १९७२ मध्ये अॅन्सल कीज आणि सहकाऱ्यांनी पाच देशांतील सात हजारांहून अधिक पुरुषांची मोजमापे तपासली. उपलब्ध सूत्रांमध्ये केटले यांचेच त्यांना सोयीचे वाटले. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव त्यांनी दिले.

त्यानंतर लाखो लोकांवर अभ्यास झाले. बीएमआय आणि मृत्यूचा आलेख काढला, तर तो मध्ये खोलगट आणि दोन्ही टोकांना वर जाणारा दिसतो. फार लठ्ठपणा धोक्याचा, तसाच फार कृशपणाही. कृश माणसांमधील काही मृत्यूंमागे मात्र धूम्रपान किंवा आधीचा आजार असतो. समूहासाठी हा आकडा उपयोगी आहे. एकट्या माणसाबद्दल तो अर्धेच सांगतो. वजन स्नायूंचे की चरबीचे आणि चरबी मांडीवर की पोटात, हे त्याला कळत नाही. पोटातील आणि यकृतातील चरबी इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. त्यातून मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार बळावतात.

याचे ठळक उदाहरण पुण्याचे आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच मापे छापली. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. वरून सडपातळ, आतून चरबीयुक्त अशी भारतीयांची ठेवण यातून जगापुढे आली. म्हणूनच भारतीय तज्ज्ञ २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात.

तेव्हा बीएमआय जरूर पाहावा, पण त्यावर थांबू नये. कंबरेचा घेर पुरुषांमध्ये ९० आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरच्या आत असावा. रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि ट्रायग्लिसराइड तपासून घ्यावेत. वजन आटोक्यात असूनही यांपैकी काही बिघडले असेल, तर निर्धास्त राहू नये. वजन जास्त असेल, तर थोडे उतरले तरी आणि रोजच्या चालण्यानेही फायदा होतो. केटले यांचा सरासरी माणूस कागदावरच होता. दवाखान्यात येतो तो प्रत्येक जण वेगळा असतो.