आइन्स्टाइनच्या असिस्टंटमुळं पोरं कॉम्प्युटरला ‘हॅलो’ म्हणायला लागली

कुठल्याही प्रोग्रामरचा लॅपटॉप उघडून बघा. काळ्या स्क्रीनवर एक कर्सर लुकलुकत असतो. तिथं एक ओळ टाईप केली की उत्तर लगेच खाली येतं. याला म्हणतात शेल.

गंमत म्हणजे प्रत्येकाचा शेल वेगळा असतो. कुणी रंग बदललेले असतात, कुणी लांबलचक कमांडला दोन अक्षरांचं टोपणनाव दिलेलं असतं, तर कुणी शेल सुरू होताना काय काय लोड व्हावं हे एका फाईलमध्ये लिहून ठेवलेलं असतं. अपेक्षा साधी आहे. मशीननं आपल्या सवयीप्रमाणे वागावं.

६० वर्षांपूर्वी मात्र सगळं उलटं होतं. माणसानं मशीनच्या सवयीप्रमाणे वागायचं, हाच नियम होता. तो नियम मोडणाऱ्या मोजक्या लोकांपैकी एक म्हणजे जॉन केमेनी.

बुडापेस्टहून न्यूयॉर्कला

केमेनीचा जन्म ३१ मे १९२६ चा, हंगेरीतल्या बुडापेस्टचा. कुटुंब ज्यू. हिटलरचं सावट वाढत होतं, तेव्हा वडील आधी अमेरिकेला गेले आणि १९४० मध्ये त्यांनी बायकोमुलांना बोलावून घेतलं. आजोबांनी मात्र देश सोडायला नकार दिला. पुढं नाझींच्या ज्यू हत्याकांडात ते मारले गेले.

न्यूयॉर्कच्या शाळेत केमेनी पहिला आला आणि प्रिन्स्टन विद्यापीठात गणित शिकायला गेला. शिक्षण अर्धवट असतानाच त्याला लॉस अलामॉसला बोलावण्यात आलं. तिथं अणुबॉम्बचं काम चालू होतं. केमेनी रिचर्ड फाइनमनच्या हाताखाली आकडेमोड करणाऱ्या टीममध्ये होता. पंचकार्डांवर चालणारी आयबीएमची मशीन्स रात्रंदिवस चालायची, तरी एकेका गणिताला आठवडे लागायचे.

युद्धानंतर तो प्रिन्स्टनला परतला. १९४९ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी पीएचडी झाली. याच काळात तो अल्बर्ट आइन्स्टाइनचा गणितातला असिस्टंट होता. पुढं १९५३ मध्ये तो डार्टमथ कॉलेजात थेट प्रोफेसर म्हणून लागला.

एक स्वल्पविराम चुकला की दिवस वाया

त्या काळी प्रोग्राम चालवणं म्हणजे सरकारी कचेरीत अर्ज देण्यासारखं होतं. कार्डांना भोकं पाडायची, गठ्ठा ऑपरेटरकडं द्यायचा आणि वाट बघायची. निकाल काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी. एक स्वल्पविराम चुकला असेल तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

डार्टमथकडं तर सुरुवातीला स्वतःचा कॉम्प्युटरही नव्हता. केमेनीचा सहकारी थॉमस कर्ट्झ कार्डांची पेटी घेऊन ट्रेननं एमआयटीला जायचा.

कारण सांगितलं जायचं की कॉम्प्युटर महाग आहे, त्याचा एक मिनिटही रिकामा जाता कामा नये. केमेनीला हे पटत नव्हतं. मशीनचा वेळ वाचवायला माणसाचे दिवस घालवायचे, हा त्याच्या लेखी उलटा हिशोब होता. शिवाय डार्टमथचे बहुतेक विद्यार्थी इतिहास, साहित्य, समाजशास्त्र शिकणारे होते. उद्या देशाचे निर्णय हीच पोरं घेणार. त्यांनाही कॉम्प्युटर वापरता आलाच पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं.

पहाटे चारचा ‘रन’

मार्ग सुचवला एमआयटीच्या जॉन मॅकार्थीनं. टाइम शेअरिंग. गर्दीच्या हॉटेलात एकच वेटर सगळ्या टेबलांवर फिरत राहतो, तसं कॉम्प्युटरनं क्षणाक्षणाला एकेकाचं काम करायचं. वेग इतका, की प्रत्येकाला मशीन आपल्या एकट्याचं वाटावं. एमआयटीत असे प्रयोग आधीच सुरू झाले होते. डार्टमथला मात्र ही सोय अगदी नवशिक्यांसाठी हवी होती.

केमेनी आणि कर्ट्झनं नवी भाषा आखली, बेसिक. तिचा पहिला कंपायलर लिहायला स्वतः केमेनीनं सुरुवात केली, तर टाइम शेअरिंगची सिस्टिम कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी बांधली. १ मे १९६४ च्या पहाटे चारच्या सुमारास केमेनी आणि एका विद्यार्थ्यानं दोन टर्मिनलवर एकाच वेळी रन टाईप केलं. दोघांनाही बरोबर उत्तरं मिळाली.

टर्मिनल म्हणजे स्क्रीन नव्हे, तर कागदावर छापणारा टेलिटाईप. त्यावर संवाद कसा चालायचा, ते बघण्यासारखं आहे. विद्यार्थी हॅलो टाईप करायचा. मशीन त्याचा नंबर विचारायचं, मग नवा प्रोग्राम की जुना हे विचारायचं आणि शेवटी छापायचं, रेडी. चालवायला रन, बघायला लिस्ट, ठेवायला सेव्ह. प्रत्येक ओळीला १०, २०, ३० असा नंबर असायचा. २० नंबरची ओळ चुकली तर तोच नंबर देऊन पुन्हा लिहायची, जुनी आपोआप जायची. जाताना गुडबाय.

लॉगऑन, लॉगऑफ असे शब्द टाळून हॅलो, गुडबाय ठेवले, ते मुद्दाम. तांत्रिक शब्दांच्या भीतीनं कुणी दारातूनच परत फिरू नये म्हणून. आणि हे सगळं विद्यार्थ्यांना फुकट होतं. लायब्ररीत पुस्तक घ्यावं तसं.

शंभर अलार्म आणि एक ऑपरेटर

१९७० मध्ये केमेनी डार्टमथचा अध्यक्ष झाला. त्याच्याच काळात, १९७२ मध्ये, या कॉलेजनं मुलींना नियमित प्रवेश द्यायला सुरुवात केली. अध्यक्ष असतानाही त्यानं वर्गात शिकवणं सोडलं नाही.

मार्च १९७९ मध्ये थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत अपघात झाला. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी चौकशी आयोग नेमला आणि अध्यक्ष केलं केमेनीला. आयोगाला जे दिसलं ते धक्कादायक होतं. पहिल्या काही मिनिटांतच कंट्रोल रूममध्ये शंभरहून जास्त अलार्म वाजले होते आणि बिनमहत्त्वाचे बाजूला काढायची सोयच नव्हती. यंत्रं बोलत होती, पण माणसाला समजेल असं नाही. बिघाड यंत्रांतही होता. पण मूळ दुखणं ऑपरेटरचं प्रशिक्षण, कंपनीचा कारभार, सरकारी देखरेख अशा माणसांच्या बाजूचं आहे, असा निष्कर्ष आयोगानं काढला.

कॉलेजात मशीन नीट बोललं नाही तर गृहपाठ अडतो. इथं लोकांचा जीव धोक्यात होता.

आपल्याच भाषेशी भांडण

दरम्यान बेसिक घराघरात पोचली होती. १९७५ मध्ये बिल गेट्स आणि पॉल ॲलननं अल्टेअरसाठी बेसिक लिहिली. पुढं कमोडोर ६४ सुरू केला की स्क्रीनवर तोच शब्द उमटायचा, रेडी. आपल्याकडं नव्वदच्या दशकात शाळेत जीडब्ल्यू बेसिक शिकलेल्यांना त्या नंबरवाल्या ओळी आठवत असतील.

केमेनी मात्र खूश नव्हता. घरगुती कॉम्प्युटरची मेमरी तुटपुंजी, म्हणून प्रत्येक कंपनीनं आपल्या मशीनला सोयीची काटछाट केली होती. एका मशीनवरचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालेना. बदल माणसाच्या सोयीसाठी हवेत, मशीनच्या नव्हे, हे तर त्याचं पहिल्यापासूनचं म्हणणं. म्हणून त्यानं आणि कर्ट्झनं १९८३ मध्ये कंपनी काढून ट्रू बेसिक आणली. पण तोवर उशीर झाला होता. बाजारात जुन्या बेसिकच जास्त चालल्या.

२६ डिसेंबर १९९२ रोजी, ६६ व्या वर्षी केमेनीचं निधन झालं. बेसिक आज फारसं कुणी शिकत नाही. पण नवा प्रोग्रामर शेलमध्ये कमांडचं टोपणनाव ठरवतो, तेव्हा मशीनला आपल्या बोलीत आणायचं तेच जुनं काम तो पुढं नेत असतो.