सेवासदनाच्या रमाबाई रानडे

भगिनींनो, यंदा वर्धापनदिनाला आपल्या मंडळाने गावातल्या सेवा करणाऱ्या बायकांचा सत्कार करायचे ठरविले आहे. बाळंतिणीसोबत दवाखान्यात रात्र काढणाऱ्या, पोलिओच्या डोसासाठी उन्हातान्हात घरोघर फिरणाऱ्या, मयताच्या घरी न बोलावता जाऊन चूल पेटविणाऱ्या अशा ह्या बाया. स्मरणिकेत एखाद्या थोर बाईचे चरित्र दे, असे मला सांगण्यात आले, तेव्हा रमाबाई रानड्यांचेच नाव मनात आले. पुष्कळजणी त्यांना 2012 सालच्या ‘उंच माझा झोका’ या मालिकेमुळे ओळखतात. पण मालिकेत लहानगी रमाच जास्त लक्षात राहते. मला सांगायचे आहे ते पुढचे.

रमाबाईंचा जन्म 25 जानेवारी 1863 चा. सांगलीकडचे देवराष्ट्रे हे त्यांचे गाव, माहेरचे आडनाव कुर्लेकर. 1873 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. मुलीला अक्षर शिकविले तर ती विधवा होते, असे मानणारा तो काळ, त्यामुळे माहेरी पाटी हाती आलीच नव्हती. नवरा तिशी ओलांडलेला, पहिली बायको नुकतीच वारलेली. विधवांची लग्ने व्हावीत म्हणून झटणाऱ्या या माणसाने स्वतः मात्र वडिलांच्या शब्दाखातर एका लहान मुलीशी लग्न केले. लोकांनी त्यांना नावे ठेवली, आणि ती उगाच ठेवली असे मला काही वाटत नाही. पण त्यांनी त्या मुलीला शिकविले, हेही तितकेच खरे.

शिकणे सोपे नव्हते. दिवसा घरकाम आणि रात्री पुस्तक. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना सुनेचे वाचणे मुळीच खपत नव्हते, त्यात ती इंग्रजी शिकू लागली तेव्हा तर टोमण्यांना ऊत आला. उलट उत्तर द्यायचे नाही आणि पुस्तकही सोडायचे नाही, अशी रमाबाईंची रीत. सासरी नांदलेल्या बाईलाच हे किती कठीण असते ते कळेल. नाशिकला असताना शाळेच्या समारंभात त्या पहिल्यांदा चारचौघांत बोलल्या, ते भाषण न्यायमूर्तींनी लिहून दिलेले होते. पुढे पुण्यात मुलींची मोठी शाळा व्हावी म्हणून त्या गव्हर्नरसाहेबांपुढे इंग्रजीत बोलल्या. हुजूरपागेची ती शाळा 1884 साली निघाली.

16 जानेवारी 1901 ला न्यायमूर्ती गेले. रमाबाई अडतिसाव्या वर्षी विधवा झाल्या, पोटी मूल नव्हते. मुंबईचे घर सोडून त्या पुण्याच्या वाड्यात आल्या आणि वर्षभर जवळजवळ कोणात मिसळल्या नाहीत. पुष्कळ बायांचे आयुष्य तिथेच थांबत असे. रमाबाई त्यानंतर उठल्या. येरवड्याच्या तुरुंगात जाऊन बंदिवान बायकांजवळ बसू लागल्या, इस्पितळात आजाऱ्यांना फळे-फुले नेऊन देऊ लागल्या. तुरुंगातल्या बाईला भेटायला आजही कोण जाते? तिच्या माहेरचेसुद्धा तोंड फिरवितात.

मुंबईत मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी 1908 साली सेवासदन काढले, त्याच्या अध्यक्ष रमाबाई झाल्या. दुसऱ्याच वर्षी, 1909 मध्ये, त्यांनी पुण्याला आपल्या वाड्यातच सेवासदन सुरू केले. गोपाळ कृष्ण देवधर हे चिटणीस म्हणून कामाला जोडीला होते. शिवण, लिहिणे-वाचणे, जखमेवर पहिली मलमपट्टी कशी करावी, असे तिथे शिकवीत. विधवांना आणि नवऱ्याने टाकलेल्यांना आपल्या पायांवर उभे राहता यावे, हा हेतू.

खरी परीक्षा झाली ती नर्सच्या शिक्षणाची. परक्या माणसाचे रक्त पुसायचे, कोणत्याही जातीच्या रोग्याला हात लावायचा, रात्रपाळी करायची, हे चांगल्या घरच्या बाईचे काम नव्हे, असेच सगळे धरून चालत. रमाबाईंनी मुली ससून इस्पितळात शिकायला धाडल्या. लोक काय म्हणतील याची त्यांनी फार वाट पाहिली नाही.

एकदा सेवासदनाच्या स्नेहसंमेलनात बक्षिसे वाटली जात होती. केशवपन केलेल्या, आलवणातल्या विधवा विद्यार्थिनी बक्षीस घ्यायला व्यासपीठावर चढल्या, तशी वर गॅलरीत बसलेल्या विद्यार्थ्यांनी हुर्यो उडविली. कार्यक्रम संपताना रमाबाई बोलायला उठल्या. एरवी इतक्या शांत असलेल्या त्या बाईने त्या शिकलेल्या मुलांना चांगलेच फटकारले. तुमच्याही घरी अशी एखादी बहीण, आत्या किंवा आई असेल आणि तिच्यावर रूढीनेच ही पाळी आणली आहे, असे त्यांनी सुनावले. सभागृह चिडीचूप झाले. सासरच्यांपुढे वर्षानुवर्षे तोंड न उघडलेल्या बाईचा हा राग मला फार मोलाचा वाटतो. स्वतःसाठी त्या असे बोलल्या नसत्या.

आळंदीच्या यात्रेला त्या सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन जात आणि बायकांची व्यवस्था पाहत. आपल्याकडे नागपंचमीला भद्रनागाच्या देवळात गर्दी उसळते, तेव्हा लेकुरवाळ्या बायांचे किती हाल होतात ते आपण पाहतोच; म्हणून या कामाची किंमत मला कळते. 1913 साली दुष्काळात मदत वाटायला त्या गुजरात-काठियावाडकडे गेल्या. पुढे पुण्यात मुलींनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे म्हणून बायकांची मिरवणूक काढली, आणि बायकांना मत देण्याचा हक्क मिळावा या चळवळीतही त्या पुढे होत्या.

सगळे करून स्वतःविषयी लिहायला त्यांना संकोच वाटत असावा. 1910 साली त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ निघाले, त्यातही बहुतेक जागा न्यायमूर्तींनाच दिलेली आहे. प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखल्यांची आहे. जुन्या मराठीचे असले तरी ते पुस्तक माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईलाही अडखळत नाही. मंडळाच्या कपाटात एक प्रत घ्यावी, असे मी कार्यकारिणीला सुचविले आहे.

1924 साली रमाबाई वारल्या. पुण्याचे सेवासदन त्यांच्यामागे चालूच राहिले. 1962 साली, जन्मशताब्दीच्या निमित्ताने, सरकारने त्यांच्या नावाचे पंधरा नव्या पैशांचे टपालतिकीट काढले.