भाकरीचा अर्धा तास आणि नारायण मेघाजी लोखंडे

दुपारी डबा उघडायला मिळणारा अर्धा तास ही मालकाची मेहेरबानी आहे, असे समजणारे कामगार आम्हाला आजही भेटतात. तो अर्धा तास लढून मिळवलेला आहे आणि त्या लढ्याचा सेनापती सत्यशोधक होता, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ चा. मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. घरची गरिबी, म्हणून मॅट्रिकनंतर रेल्वेत, पोस्टात आणि पुढे मुंबईत मांडवीच्या कापड गिरणीत नोकरी धरली. तिथे त्यांनी कामगारांचे जिणे जवळून पाहिले. गिरणी सूर्योदयाला सुरू होई आणि सूर्यास्ताला थांबे. जेवणाची ठरलेली वेळ नव्हती. शेजाऱ्याला यंत्रावर लक्ष ठेवायला सांगून तिथेच चार घास गिळायचे. गिरणी बंद असली तरी यंत्रे पुसायला कामगारच हजर. १८८१ च्या कारखाना कायद्याने बालकामगारांना तासाभराची विश्रांती दिली. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या पदरात काहीच पडले नाही.

महात्मा फुले यांच्या या अनुयायाने १८८० मध्ये ‘दीनबंधु’ मुंबईतून चालवायला घेतला. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये परळला कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, अपघातात भरपाई. बस, एवढेच मागणे! त्या काळी राष्ट्रवादी म्हणवणारी बहुतेक वृत्तपत्रे कारखाना कायद्याच्या विरोधात होती. त्यांना गिरणी दिसत होती, गिरणीतला माणूस दिसत नव्हता.

लोखंडे हटले नाहीत. २४ एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियाही तिथे बोलल्या. १० जून १८९० रोजी मालकांना रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. १८९१ च्या कायद्यात दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी आली आणि यंत्राला कामगाराच्या भाकरीसाठी थांबावे लागले. पुढे मुंबईत प्लेग आला. रुग्णांची सेवा करता करता ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने लोखंडे गेले.

ही परंपरा बाबासाहेबांनी पुढे नेली. मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या विधेयकातून १९४६ मध्ये कारखान्यांतील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ५५ ने पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती बंधनकारक केली.

आता त्या कायद्याची जागा २०२० च्या संहितेने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात मधली सुट्टी किती, हे सरकारी अधिसूचनेवर सोडले आहे. जे कायद्यात कोरलेले होते, ते आता सरकारच्या एका कागदावर आले. कायदा बदलायला विधिमंडळात बोलावे लागते, अधिसूचना बदलायला सही पुरते. जादा कामाला दुप्पट मजुरी मात्र नव्या संहितेतही कायम आहे. म्हणून आमचे सांगणे आहे की डबा खाताना काम करायला लावले, तर तो वेळ कामाचाच धरा, त्याची नोंद ठेवा आणि मजुरी मागा. लोखंड्यांनी साडेपाच हजार सह्या गोळा केल्या होत्या. आपण निदान आपली एक सही तरी करू या.