बुकबाइंडरकडे काम करणाऱ्या पोराने १८३१ साली तार गुंडाळली, आज त्यावर औषधाचं खरं-खोटं ठरतंय

बोईसरला लागून असलेल्या तारापूर एमआयडीसीत औषधांचे आणि केमिकलचे कारखाने आहेत. अशा मालाला कायमची भीती असते ती डुप्लिकेटची. ऑगस्ट २०२३ पासून देशात ३०० औषध ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. पण छापलेला कोड फोटो काढून पुन्हा छापता येतो. म्हणून आता एनएफसी टॅगची चर्चा असते.

या टॅगमध्ये बॅटरी नसते. मोबाइल जवळ नेला की आतली चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. ही वीज कशी तयार होते हे ज्याने शोधलं, तो माणूस १८६७ मध्येच वारला. त्याचं नाव मायकेल फॅरेडे.

फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा. वडील लोहार, घरी गरिबी, शाळा जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरती. चौदाव्या वर्षी तो लंडनमध्ये एका बुकबाइंडरकडे कामाला लागला. बांधायला आलेली पुस्तकं तो आधी वाचायचा आणि मग शिवायचा.

१८१२ मध्ये एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्ही या मोठ्या शास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. पोराने सगळी टिपणं काढली, त्यांचं पुस्तक बांधलं आणि थेट डेव्हीलाच पाठवून दिलं. मार्च १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत त्याला नोकरी मिळाली.

१८२१ मध्ये त्याने विजेच्या जोरावर तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली. पण याच विषयावर काम करणाऱ्या वोलास्टनचा उल्लेख न करता त्याने निष्कर्ष छापले आणि त्याच्यावर कल्पना चोरल्याचा आरोप झाला. १८२४ मध्ये रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वाची वेळ आली, तेव्हा खुद्द डेव्हीने विरोध केला. तरीही तो निवडून आला.

मग उजाडला २९ ऑगस्ट १८३१. फॅरेडेने लोखंडी कड्यावर तारेची दोन वेगळी वेटोळी गुंडाळली. एकात वीज सोडली की दुसऱ्याला जोडलेली सुई हलायची, पण फक्त वीज चालू किंवा बंद करतानाच. म्हणजे चुंबकत्व नुसतं असून भागत नाही, ते बदललं पाहिजे. यालाच विद्युत-चुंबकीय प्रवर्तन म्हणतात. त्याच वर्षी त्याने चुंबकाच्या टोकांमध्ये तांब्याची चकती फिरवून पहिला जनरेटरही बनवला.

१९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूर अणुऊर्जा केंद्रात वाफेवर जनरेटर फिरतो, तो याच नियमावर. आणि टॅगही याच नियमावर चालतो. मोबाइलमधलं वेटोळं सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार वेळा चुंबकीय क्षेत्र बदलतं. टॅगमधल्या वेटोळ्यात त्यामुळे वीज तयार होते आणि चिप चालते.

हाच नियम कधी कधी आडवाही येतो. लोखंडी ड्रमवर साधा टॅग चिकटवला तर धातूतही प्रवाह तयार होतात, ते मोबाइलच्या क्षेत्राला विरोध करतात आणि टॅग वाचलाच जात नाही. म्हणून मध्ये फेराइटचा थर असलेला टॅग घ्यावा लागतो.

आता चिप कोणती घ्यायची? एनटॅग २१३ स्वस्त आहे, त्यात १४४ बाइट माहिती मावते. वेबसाइटची लिंक द्यायला ती पुरेशी. पण तिचा नंबर कायम तोच असल्याने त्याची नक्कल करता येते. गोदामात खोक्यांचा माग ठेवायचा असेल तर आयकोड स्लिक्ससारखी चिप बरी, योग्य रीडर असेल तर ती जास्त अंतरावरून वाचता येते. अस्सलपणाच सिद्ध करायचा असेल तर एनटॅग ४२४ डीएनए. तिच्यात गुप्त किल्ली असते आणि दर वेळी मोबाइल लावला की ती नवा कोड तयार करते. जुना कोड कुणी कॉपी केला तर सर्व्हर तो नाकारू शकतो. तिच्याच टॅग टँपर प्रकारात झाकणावरची बारीक तार तुटली की सील उघडल्याची नोंद कायमची राहते. नाहीतर खरा टॅग काढून खोट्या बाटलीवर लावायला कितीसा वेळ लागतो?

पुराव्यातली अशी फट शोधणं फॅरेडेला चांगलं जमायचं. १८५३ मध्ये लंडनमध्ये टेबल आपोआप फिरवण्याच्या बैठकांचं खूळ होतं. फॅरेडेने हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर ठेवले. ते कसे सरकले यावरून दिसलं, की आधी हात हलतात आणि मग टेबल. लोक नकळत स्वतःच ढकलत होते.

स्वतःच्या कामालाही त्याने हीच शिस्त लावली. प्रयोगांच्या वहीतल्या परिच्छेदांना तो ओळीने क्रमांक द्यायचा, ते सोळा हजारांच्या पुढे गेले. कोणती गोष्ट कधी केली, हे शोधता यावं म्हणून.

सर ही पदवी त्याने नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही घेतलं नाही. २५ ऑगस्ट १८६७ ला तो गेला.

त्याच्या शोधाने टॅगला वीज दिली. पण त्या टॅगवर विश्वास ठेवायचा की नाही, हे विजेने ठरत नाही. नक्कल करणाऱ्याला काय जमणार नाही, ते आधी ठरवा. चिप त्यानंतर निवडा.